मदत हवी आहे : लॅपटॉप चालू व्हायलाच तयार नाही, परवा सॅम्पल द्यायचंय (सोलापूर)

जकार्ड_पूर्वभाग
नमस्कार मंडळी. लॅपटॉपचं बटण दाबलं की लाइट लागतो, पंखा फिरतो आणि दोन-तीन सेकंदांत सगळं बंद. परत दाबलं की परत तेच. असं करता करता कधीतरी लागतो आणि लागला की चालतो. काल नवी पेठेत एकाला दाखवला. त्याने न उघडताच सांगितलं, मदरबोर्ड गेला, नवीन घ्या. बोर्ड गेला असता तर नंतर चालला कसा असता? टॉवेलच्या सगळ्या डिझाइन यातच आहेत आणि परवा सकाळी सॅम्पल मागावर चढवायचंय. ज्याला नक्की माहीत आहे त्यानेच सांगा. लवकर.

शेंगाचटणी
कुठला लॅपटॉप, किती जुना? स्क्रीनवर कंपनीचं नाव तरी येतं का? चार्जिंगचा लाइट लागतो का? यातलं काहीच लिहिलं नाहीये तुम्ही.

हुतात्मा_एक्सप्रेस
विंडोजमधलं फास्ट स्टार्टअप बंद करा. माझ्या पुण्याच्या ऑफिसात तीन-चार जणांना हाच त्रास होता, त्यानेच गेला. नाही जमलं तर विंडोज नव्याने टाका.

चिपलेव्हल
फास्ट स्टार्टअपचा यात काही संबंध नाही. दोन सेकंदांत बंद होतोय म्हणजे अजून विंडोजची पाळीच आलेली नाही. कृपा करून त्यांना विंडोज टाकायला लावू नका, डिझाइन उडतील.

जकार्ड_पूर्वभाग
२०१९ चा आहे, १५ इंची, आय-५, ८ जीबी रॅम, एसएसडी नंतर टाकलेली. खालचं स्टिकर झिजलंय, मॉडेल वाचता येत नाही. बंद होतो तेव्हा स्क्रीन काळीच असते. अ‍ॅडाप्टर मीटरने तपासला, १९.५ व्होल्ट बरोबर येतात. म्हणजे अ‍ॅडाप्टर ओके आहे, त्यावर वेळ घालवू नका.

विजापूर_रोड
पूर्व भागात मागाजवळ बसता ना? मग मी सांगतो काय झालंय. पंख्यात सुताची धूळ अडकलीय. आमच्या भावाचा टॉवेलचाच कारखाना आहे. त्याच्या लॅपटॉपचा पंखा उघडला तर आत गादी भरावी तसा कापूस होता. हीट सिंकची, म्हणजे आतली उष्णता बाहेर टाकणाऱ्या भागाची, जाळी पूर्ण बंद. वर मे महिना, पारा ४२-४३ च्या खाली येत नाही. उघडा, ब्रशने साफ करा, प्रोसेसरची जुनी पेस्ट पुसून नवीन लावा. शंभर टक्के हेच आहे.

चिपलेव्हल
शंभर टक्के नाही. तापून बंद पडणारा लॅपटॉप आधी नीट लागतो, थोडा वेळ चालतो आणि मग बंद पडतो. यांचा गार असतानाच लागत नाही आणि लागल्यावर चालतो. लक्षण बरोबर उलटं आहे. साफसफाई जरूर करा, पण तो यावरचा इलाज नाही.
जकार्डभाऊ, आधी रॅम बघा. अ‍ॅडाप्टर काढा, बॅटरी काढा, बटण अर्धा मिनिट दाबून धरा म्हणजे आत उरलेला करंट निघून जाईल. मग रॅमची पट्टी काढून तिचे पितळी दिसणारे दात साध्या खोडरबराने हलके पुसा आणि खट् आवाज येईपर्यंत परत बसवा.

विजापूर_रोड
तुम्ही दुकानवाले प्रत्येकाला रॅमच काढायला लावता.

निवृत्त_लाइनमन
मी वेगळा मुद्दा मांडतो. हा त्रास घरी होतो की कारखान्यात? मागाची मोटर सुरू होताना नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते. एका लाइनीवर दहा-बारा माग एकदम सुरू झाले की व्होल्टेज क्षणभर बसतं. शिवाय जुन्या शेडमध्ये अर्थिंग असतंच असं नाही. सॉकेटला तिसरं भोक असतं, पण त्यामागे वायर नसते. लॅपटॉपच्या पत्र्याला हात लावल्यावर मुंग्या येतात का ते सांगा.

जकार्ड_पूर्वभाग
रॅम पुसून बसवली. फरक नाही. घरी पण होतो, कारखान्यात जास्त होतो. मुंग्या येतात, हो. पण त्या तर सगळ्याच लॅपटॉपला येतात ना?

निवृत्त_लाइनमन
नाही येत सगळ्यांना. अर्थिंग नीट असलेल्या तीन पिनेच्या अ‍ॅडाप्टरवर सहसा येत नाहीत. तुमचा अ‍ॅडाप्टर दोन पिनेचा आहे का?

कंबर_तलाव
मला दोन गोष्टी विचारायच्यात. एक, लागल्यावर कधी अचानक बंद पडतो का? दोन, बॅटरी किती वेळ टिकते?

जकार्ड_पूर्वभाग
मोठं डिझाइन उघडलं की कधी कधी बंद पडतो, ते जुनंच आहे. आणि बॅटरी नाहीये. दिवाळीत फुगली होती, टचपॅड वर आला होता, म्हणून काढून टाकली. तेव्हापासून सरळ अ‍ॅडाप्टरवरच चालवतो. बॅटरीशिवाय चालतो म्हणून तर सांगतोय की प्रॉब्लेम दुसरीकडे आहे.

कंबर_तलाव
हे पहिल्या पोस्टमध्ये हवं होतं, मालक. अ‍ॅडाप्टर लॅपटॉपबरोबर आलेलाच आहे का?

जकार्ड_पूर्वभाग
नाही. त्याची वायर पिनेपाशी तुटली. पाडव्याच्या सुमारास स्टेशनजवळून दुसरा आणला. पिन तीच बसते, व्होल्ट तेच आहेत. हो, दोन पिनेचा आहे.

कंबर_तलाव
त्यावर आउटपुटपुढे काय लिहिलंय ते जसंच्या तसं लिहा. व्होल्ट आणि अँपिअर, दोन्ही. आणि चालू होताना इंग्रजीत काही सूचना येते का?

हुतात्मा_एक्सप्रेस
तोपर्यंत एक सांगू का, ४० हजारांत आता चांगले लॅपटॉप येतात. २०१९ च्या मशीनवर किती खर्च करणार? लिनक्स टाकलं तर जुना पण पळेल म्हणा.

जकार्ड_पूर्वभाग
मला नवीन घ्यायचा नाही. डिझाइनचं सॉफ्टवेअर डोंगलवर (यूएसबीत लावायच्या चावीवर) आहे आणि विंडोजवरच चालतं. लिनक्स नको.

पंचकार्ड
विषयांतर होतंय, पण राहवत नाही. आमच्या वडिलांनी आयुष्यभर चादरीची कार्डं पंच केली. एका नक्षीला शेकडो पुठ्ठ्याची कार्डं, ती ओवून साखळी करायची आणि जकार्डवर, म्हणजे मागावरच्या नक्षी विणणाऱ्या यंत्रावर, चढवायची. लाइट गेली तरी कार्डं जागेवरच. फ्रान्सच्या जोसेफ जकार्डने ती युक्ती १८०४ च्या सुमारास बसवली आणि तशाच भोकं पाडलेल्या कार्डांवर १८९० साली अमेरिकेची जनगणना हॉलेरिथच्या यंत्रांनी मोजली. आज आपली चादर नि टेरी टॉवेल दोन्हींना जीआय (भौगोलिक मानांकन) आहे, ते त्या कार्डांच्या जोरावर. आता सगळ्या डिझाइन एका लॅपटॉपात आणि लॅपटॉप एका वायरीवर. एवढं महत्त्वाचं काम एकाच जागी ठेवू नये, असं मला मनापासून वाटतं.

विजापूर_रोड
अगदी खरं. आमच्या भावाकडे अजून जुनी कार्डं गाठोड्यात बांधून ठेवलीत. इलेक्ट्रॉनिक जकार्ड घेतलं तरी ती टाकवत नाहीत.

पंचकार्ड
कुठल्या नक्षीची आहेत? मोराची असतील तर मला बघायला आवडतील.

जकार्ड_पूर्वभाग
कार्डांची चर्चा दुसऱ्या धाग्यावर करा की. माझा दिवस चाललाय.
अ‍ॅडाप्टरवर लिहिलंय : आउटपुट १९.५ व्होल्ट, २.३१ अँपिअर. जुना तुटलेला ड्रॉवरमध्ये सापडला. त्यावर १९.५ व्होल्ट, ३.३४ अँपिअर आहे. आणि हो, चालू होतो तेव्हा काळ्या स्क्रीनवर अ‍ॅडाप्टरबद्दल इंग्रजीत दोन ओळी येतात. मी एक बटण दाबतो, मग पुढे जातो. ते पाडव्यापासून रोजच येतं.

कंबर_तलाव
सापडलं बहुतेक. गुणाकार करा. १९.५ गुणिले ३.३४ म्हणजे ६५ वॉट. १९.५ गुणिले २.३१ म्हणजे ४५ वॉट. तुमच्या मशीनला ६५ लागतात आणि तुम्ही ४५ चा लावलाय. व्होल्ट जुळले, पिन बसली, तरी ताकद कमी पडते.
बटण दाबल्यावर पंखा, प्रोसेसर, एसएसडी, स्क्रीन सगळं एकदम जागं होतं आणि क्षणभर करंटचा झटका लागतो. बॅटरी असती तर वरचा करंट तिने दिला असता. बॅटरी नाही, म्हणून सगळा भार एकट्या अ‍ॅडाप्टरवर. त्याला झेपत नाही, तो स्वतःला वाचवायला आउटपुट तोडतो आणि लॅपटॉप बंद. कधी झटका थोडा कमी बसला की निभावतो. मोठं डिझाइन उघडल्यावर बंद पडतो तेही याच कारणाने, प्रोसेसरचं काम वाढलं की करंट वाढतो. कारखान्यात जास्त होतं, कारण मोटर सुरू झाल्यावरची ती क्षणाची घट पण बॅटरी नसल्यामुळे थेट आत जाते. लाइनमनकाकांचं त्या बाबतीत बरोबर आहे.

विजापूर_रोड
पण मीटरवर १९.५ आले ना? ते कसे आले मग?

चिपलेव्हल
मीटर स्वतः जवळजवळ करंट ओढतच नाही. मोकळ्या अ‍ॅडाप्टरवर मीटर लावलं तर कमजोर अ‍ॅडाप्टर पण पूर्ण व्होल्ट दाखवतो. लोड टाकल्यावर किती उरतात ते महत्त्वाचं. आम्ही दुकानात ट्रकचा २४ व्होल्टचा बल्ब जोडून बघतो. बल्ब लागला की व्होल्ट धपकन खाली आले, तर अ‍ॅडाप्टर गेलेला समजायचा.

कंबर_तलाव
तो प्रयोग घरी करायला सांगू नका, वायर एकमेकींना लागली तर नवीनच काम निघेल. त्यापेक्षा ओळखीत कुणाकडे त्याच कंपनीचा, तसल्याच पिनेचा, ६५ वॉटचा ओरिजिनल असेल तर तासभर आणा. वॉट जास्त असले तरी चालतात, लॅपटॉप लागेल तेवढाच करंट घेतो. कमी चालत नाहीत.
ती इंग्रजी सूचनाही तेच सांगत होती. काही कंपन्यांच्या पिनेत मधे बारीक सुई असते. तिच्यातून लॅपटॉप अ‍ॅडाप्टरला विचारतो, तू किती वॉटचा. उत्तर मिळालं नाही की ती सूचना येते आणि प्रोसेसर मुद्दाम हळू चालवला जातो. पाडव्यापासून लॅपटॉप मंद वाटत असेल तर त्याचंही कारण हेच असू शकतं.

जकार्ड_पूर्वभाग
मंद झालाय खरा. मला वाटलं सॉफ्टवेअर जड आहे. मेव्हण्याकडे जुळे सोलापूरला त्याच कंपनीचा आहे. जाऊन येतो.

शेंगाचटणी
जाताना एक सांगा, ती फुगलेली बॅटरी कुठे आहे आता?

निवृत्त_लाइनमन
आणि अ‍ॅडाप्टर तीन पिनेचा आणा. कारखान्यात ते सॉकेट एकदा वायरमनकडून तपासून घ्या. अर्थ आणि न्यूट्रलमध्ये मीटर लावल्यावर दोन-तीन व्होल्टच्या वर दाखवत असेल तर अर्थिंगचा खड्डा बघावा लागेल. उन्हाळ्यात माती सुकते, पाणी घातलं नाही तर अर्थिंग कामच करत नाही. हे लॅपटॉपपुरतं सांगत नाहीये. तुमच्या मागावर माणसं उभी असतात, त्यांच्यासाठी सांगतोय.

चिपलेव्हल
हे मात्र खरंच मनावर घ्या.

जकार्ड_पूर्वभाग
आलो. मेव्हण्याचा ६५ वॉटचा लावला. पहिल्याच बटणाला चालू. सूचना आली नाही. बंद करून परत लावला, परत चालू. सगळ्यात जड डिझाइन उघडलं, हॉटेलचं नाव विणायचंय ते, तरी बंद पडला नाही. कंबरतलाव साहेब, मनापासून आभार. बाकीच्यांचेही.

हुतात्मा_एक्सप्रेस
चला, छान झालं. तरी फास्ट स्टार्टअप बंद करून ठेवाच.

चिपलेव्हल
आता चालू आहे तोवर आधी डिझाइन बाहेर काढा. एक प्रत पेन ड्राइव्हवर, एक वेगळ्या हार्ड डिस्कवर. आणि विंडोजमध्ये डिव्हाइस एन्क्रिप्शन (डिस्कवरच्या फाइलींना कुलूप लावणारी सोय) चालू आहे का ते सेटिंगमध्ये बघा. चालू असेल तर रिकव्हरी की मायक्रोसॉफ्टच्या अकाउंटवर सापडते, ती कागदावर लिहून ठेवा. उद्या खरंच बोर्ड गेला आणि एसएसडी काढून दुसरीकडे जोडावी लागली, तर त्या कीशिवाय एकही फाइल उघडणार नाही. लोक एसएसडी घेऊन दुकानात येतात आणि की नसते, तेव्हा आम्ही काहीच करू शकत नाही. फार वाईट वाटतं.

विजापूर_रोड
आणि पंखा?

चिपलेव्हल
पंखा साफ करायचाच आहे. मागाजवळ ठेवत असाल तर दर दोन-तीन महिन्यांनी. तुमचं म्हणणं चुकीचं नव्हतं, या दुखण्याचं ते औषध नव्हतं एवढंच.

कंबर_तलाव
अ‍ॅडाप्टर घेताना तीन गोष्टी बघा. १९.५ व्होल्ट, किमान ३.३४ अँपिअर आणि सूचना न येणं. दुकानातच लावून बघा, सूचना आली तर परत द्या. जमेल तेव्हा बॅटरीही बसवा. बॅटरी नसताना डिझाइन सेव्ह होत असतानाच लाइट गेली तर फाइल अर्धवट राहून बिघडते. आणि उद्या सकाळी, रात्रभर बंद राहिल्यावर कसा लागतो ते इथे लिहा. ६५ वर पण अडला तर मग पिन जिथे बसते तो जॅक सैल झालाय का ते बघू.

जकार्ड_पूर्वभाग
सकाळी लगेच लागला. डिझाइन दोन ठिकाणी ठेवल्या. सॅम्पलची फाइल पेन ड्राइव्हवर घेऊन कारखान्यात पाठवली. एन्क्रिप्शन चालूच होतं, की लिहून घेतली. वायरमनला रविवारी बोलावलंय.

शेंगाचटणी
माझ्या प्रश्नाचं उत्तर राहिलं. फुगलेली बॅटरी?

जकार्ड_पूर्वभाग
कपाटात आहे. वरच्या खणात, पत्र्याखालच्या खोलीत.

शेंगाचटणी
आजच काढा तिथून. ती लिथियमची आहे, या उन्हात पत्र्याखाली पेट घेऊ शकते. टोचू नका, दाबू नका, घंटागाडीत टाकू नका. जोडणीच्या पिनांवर चिकटपट्टी लावा, कोरड्या वाळूच्या डब्यात घालून घराबाहेर सावलीत ठेवा आणि ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या. नवीन बॅटरी घ्याल त्या दुकानात आधी विचारा, जुनी घेता का म्हणून.

जकार्ड_पूर्वभाग
काढली बाहेर. वाळूत ठेवलीय.