मदत हवी आहे: बायोप्सीत 'मिनिमल चेंज' आलंय, तरी स्टेरॉइड लागू पडत नाहीये

नमस्कार, मुलगा साडेचार वर्षांचा, वजन १६ किलो. जूनमध्ये सकाळी उठला की डोळे सुजलेले असायचे, दुपारपर्यंत उतरायचे, आधी दाखवलं तिथे ॲलर्जीचं सिरप दिलं त्यात दहा-बारा दिवस गेले, मग पाय सुजले, चड्डीचं इलॅस्टिक रुतायला लागलं आणि लघवीला साबणासारखा फेस, तेव्हा दुसऱ्या डॉक्टरांनी लघवी तपासली. प्रोटीन ४+, रक्तातलं अल्ब्युमिन १.८, कोलेस्टेरॉल ४१०. नेफ्रोटिक सिंड्रोम, म्हणजे किडनीच्या गाळण्यांतून लघवीत प्रोटीन गळतं.

प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड किलोला २ मिलीग्रॅम, म्हणजे रोज ३२. बहुतेक मुलांची लघवी चार आठवड्यांत क्लिअर होते, बायोप्सी (सुईने किडनीचा तुकडा काढून तपासणं) लागतच नाही असं सांगितलं होतं. आम्ही रोज सकाळच्या पहिल्या लघवीत प्रोटीनची स्ट्रिप बुडवून वहीत लिहितो. सहा आठवडे ३+, ३+, २+, ३+, एकदाही निल नाही. गाल फुगलेत, रात्री दोनला उठून पोळी मागतो आणि भाजी अळणी म्हणून रडतो.

मागच्या आठवड्यात पुण्याला जाऊन बायोप्सी केली. पालथं झोपवून सोनोग्राफीवर बघत सुई घातली, नंतर प्रत्येक लघवी लाल तर नाही ना बघत बसलो होतो. रिपोर्टमध्ये १४ ग्लोमेरुलाय (किडनीतल्या गाळण्या), मिनिमल चेंज, म्हणजे साध्या मायक्रोस्कोपखाली गाळण्या जवळजवळ नॉर्मल दिसतात. मला वाटलं सुटलो, कारण मिनिमल चेंज स्टेरॉइडला दाद देतो आणि एफएसजीएस (गाळण्यांना व्रण पडतो तो आजार) देत नाही असंच सगळीकडे वाचलंय. मग याला का नाही? आता टॅक्रोलिमस (प्रतिकारशक्ती दाबणारं औषध) आणि जेनेटिक टेस्ट लिहून दिलीय. रिपोर्ट चुकलाय का? सोमवारी जायचंय, काय काय विचारू?

प्रतिसाद
ताई, मुलीच्या वेळी आमचं अगदी हेच झालं. रिपोर्ट चुकलाच असेल असं नाही. एफएसजीएसमध्ये मोजक्याच गाळण्यांना व्रण पडतो, तोही एका भागात, आणि सुरुवात बहुधा खोलवरच्या गाळण्यांपासून होते. किडनीत लाखो गाळण्या, सुईत आल्या १४, त्यात व्रण पडलेली गाळणी नसेलही. म्हणून विचारा की तुकड्यात खोलचा भाग आला होता का, इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपी (तुकडा खूप मोठा करून बघणं) झाली का. स्लाइड आणि ब्लॉक (मेणात जपलेला तुकडा) मागून घेता येतात, दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टला दाखवायला परत सुई लागत नाही. जेनेटिक टेस्ट टाळू नका, एनपीएचएस२ सारख्या जीनमध्ये दोष निघाला तर स्टेरॉइड सहसा लागूच पडत नाही, मग पोराला उगाच का द्यायचं. पण स्वतःहून एकदम बंद करू नका हां. आणि ताप येऊन पोट दुखलं तर सकाळची वाट न बघता हॉस्पिटलला न्या.

धागाकर्ती
खूप आभार. ब्लॉकचं आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं, वहीत लिहून घेतलं. टॅक्रोलिमस सुरू केल्यावर तुमच्या मुलीची स्ट्रिप किती दिवसांनी निल आली? आणि रक्तातली पातळी किती वेळा तपासायला लावायचे?