प्रवासातून काय आणता? प्रवासाला निघालेल्याला काय देता?

पायाला_भिंगरी

दिवाळीच्या सुट्टीची तिकिटं बहुतेकांची काढून झाली असतील, म्हणून आत्ताच धागा काढतेय. प्रवासातून तुम्ही घरच्यांसाठी, शेजाऱ्यांसाठी काय आणता? प्रवासाला निघालेल्याला काय देता? आणि मला खरा रस आहे तो प्रश्न: कुणी आणलेल्या एखाद्या वस्तूमुळे तुम्ही ती जिथे बनते त्या गावी जाऊन पोचलात, असं कधी झालंय का?

माझं मत आधीच सांगून टाकते, म्हणजे भांडायला सोपं. फ्रिजवर लावायच्या चुंबकांवर माझा राग आहे. लेहचा, मुन्नारचा आणि गोव्याचा चुंबक एकाच कारखान्यातून निघतो अशी मला दाट शंका आहे. आपल्याकडे पूर्वी असं नव्हतं. काशीहून आलेला माणूस गंगेचा सीलबंद गडू आणि काळे गंडे आणायचा, मग मावंदं घालायचा. पंढरपूरहून चुरमुरे, बुक्का आणि तुळशीची माळ यायची. रामेश्वरची वाळू तर पार प्रयागला जायची. जी वस्तू ज्या गावाची, तीच यायची आणि ती घरात वापरली किंवा खाल्ली जायची. माझी कसोटी अजून तीच आहे.

सुरुवात मीच करते. लग्नात मावशीने सावंतवाडीचा गंजिफा दिला. गोल पत्ते, दशावताराचे दहा रंग, प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक्का ते दश्शी असे बारा, म्हणजे एकूण १२०. घरात कुणालाच खेळता येईना. शेवटी कोकणात उतरलो तेव्हा वाट वाकडी करून सावंतवाडीला गेलो. तिथल्या राजवाड्यात कारागीर पत्ते रंगवताना बघायला मिळतात. ही कला मरायला टेकली होती, ती शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसल्यांनी जगवली. एक ताई मत्स्याच्या पत्त्यावर खवले काढत होत्या. ब्रशचा हात जागचा हलत नव्हता, पत्ताच काय तो डाव्या हाताच्या बोटांवर फिरत होता. मी अर्धा तास तिथेच उभी. नवरा चितारआळीत लाकडी फळं घेऊन आला तरी मी तिथेच. खेळायचं अजून जमलेलं नाही ते सोडा.

वाळवंटी_वांगं

खाऊच्या भेटींबद्दल एक गंभीर सूचना आधी करते, कारण दिवाळीत हे घडतंच. दुबई, अबूधाबीला येताना खसखस आणू नका. यूएईत ती अमली पदार्थांच्या कायद्यात येते आणि त्यापायी लोक तुरुंगात गेलेले आहेत. सिंगापुरातही चालत नाही. आणि नुसती पुडी नाही म्हणजे झालं, असं नाही. अनारशावर खसखस असते. घरच्या गोड्या मसाल्यात असते, मालवणी मसाल्यात असते. आई प्रेमाने बरणी भरून देते, तिला काय ठाऊक!

माझ्या सासूबाई आता माझ्यासाठीचे अनारसे तिळावर थापतात. खमंग लागतात, उलट मला तेच आवडायला लागलेत. मसाला मात्र मी इथेच करते, यादीतून खसखस वगळून.

कांगारूंच्या_देशी

वरच्याला जोडून ऑस्ट्रेलियाचं. पेढे, बर्फी, दुधाचं काहीही आणायच्या फंदात पडू नका. चकली, शेव, चिवडा यांना सहसा कुणी हरकत घेत नाही, पण उतरताना द्यायच्या अर्जावर 'खाद्यपदार्थ आहेत' यावर खूण करायचीच. सांगितलंत तर फार तर काढून घेतील. लपवलंत तर दंड, आणि तो जबर असतो. आजीआजोबा पहिल्यांदा येत असतील तर निघण्याआधीच त्यांना हा अर्ज फोनवर समजावून सांगा, विमानातल्या शेजाऱ्याच्या भरवशावर सोडू नका.

लाल_डबा

परदेश परदेश काय लावलंय! मी सुचवते ती भेट अस्सल देशी आहे: एसटीचा 'आवडेल तेथे प्रवास' पास. चार दिवसांचा आणि सात दिवसांचा मिळतो, तेवढ्या दिवसांत एसटीने राज्यात कुठेही फिरा. बाबा निवृत्त झाल्यावर आम्ही भावंडांनी त्यांना सात दिवसांचा काढून दिला. घड्याळ आणि शाल ऑफिसने दिलीच होती.

त्यांनी आम्हाला बेत सांगायला साफ नकार दिला. संध्याकाळी फक्त गावाचं नाव कळवायचे. पहिल्या दिवशी कोल्हापूर, मग गगनबावड्याचा घाट उतरून कणकवली, मालवण, तिथून रत्नागिरी. पुढे एकदम "सांगली. हळद घेतली." एवढाच मेसेज. ज्या गावांना नोकरीत बदली मागितली होती आणि मिळाली नव्हती, ती गावं ते बघत हिंडत होते हे आईने नंतर सांगितलं. आम्हाला कुणाला माहीत नव्हतं.

व्यवहाराचं सांगते. पास असला म्हणून जागा मिळेलच असं नाही, त्यामुळे शनिवार-रविवार आणि सणाचे दिवस टाळा. पंच्याहत्तरीच्या पुढे एसटी मोफतच आहे, त्यांना पास देऊन उपयोग नाही. बायकांना अर्धं तिकीट आहे, म्हणून आईसाठी काढायचा तर आधी नुसत्या तिकिटांचा हिशोब करून बघा. अंतरं कमी असतील तर पास महाग पडतो.

पायाला_भिंगरी

@लाल_डबा, "सांगली. हळद घेतली." 😄 बाबांना धाग्यावर आणा.

उंडगा

चुंबकांचा राग सोडा हो. आमच्या फ्रिजचं दार म्हणजे आईची वसुलीची वही आहे. कोण कुठे जाऊन आलं, कोण तिला घेऊन गेलं आणि कोण नुसतंच "पुढच्या वेळी नक्की" म्हणालं, सगळं तिथे दिसतं. पाहुणे आले की दार न उघडता फ्रिजसमोर उभं राहून तासभर गप्पा होतात. कारखाना एक असेना का.

रणरागिणी

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे आहे, जरा लांबेल.

नणंदेने कच्छहून एक घंटा आणली होती. गुरांच्या गळ्यात बांधतात तशी, तांबूस, आत लाकडाची जीभ. ती स्वयंपाकघराच्या खिडकीत टांगली आणि वारा आला की वाजायची. आवाज असा की हातातलं काम थांबावं. कुठे मिळाली विचारलं तर म्हणाली, "भुजला दुकानात." पण बनते कुठे? निरोणा नावाच्या गावात, असं कळलं. भुजपासून साधारण ४० किलोमीटर. मग त्या हिवाळ्यात बेतच आखला. सगळे रणोत्सवाला जातात, आम्ही घंटेला गेलो.

लोहारांच्या अंगणात बसून पाहिलं. घंटा मुळात लोखंडाची असते हे तिथे कळलं. भंगारातल्या पत्र्याचे तुकडे ठोकून एकमेकांत अडकवतात, जोडकाम म्हणून कुठे नाही. मग त्यावर तांब्याची पूड बसवतात, ओल्या मातीच्या लगद्यात गुंडाळतात आणि भट्टीत टाकतात. माती फोडली की आत तांब्याचा रंग चढलेला. पण खरी गंमत त्यानंतर. कारागिराने घंटा कानाशी धरली, कडेला हातोडीचा हलका ठोका दिला, वाजवली, मान हलवली. पुन्हा एक ठोका. मला तर दोन्ही आवाज सारखेच वाटले. सहाव्या-सातव्या ठोक्याला त्याचा चेहरा खुलला आणि त्याने ती माझ्या हातात दिली. कळपातलं आपलं जनावर गुराख्याला न बघता ओळखता यावं म्हणून हा सगळा खटाटोप. मशीनवर हे कसं होणार?

त्याच गावात रोगन काम बघा. एरंडेल उकळून उकळून त्याचा चिकट गोळा करतात, त्यात रंग मिसळतात. तो तळहातावर घेऊन लोखंडी काडीने त्याचा धागा ओढत कापडावर नक्षी सोडतात. काडी कापडाला जवळजवळ टेकतच नाही. अर्धी नक्षी झाली की कापडाची घडी घालून दुसऱ्या अर्ध्यावर छाप उठवतात. खत्री कुटुंबाने ही कला टिकवली, त्यातल्या अब्दुलगफूर खत्रींना पद्मश्री मिळाली आहे. २०१४ मध्ये पंतप्रधानांनी ओबामांना दिलेली भेट म्हणजे इथलंच रोगन चित्र.

अजरक, म्हणजे ठशांनी छापलेलं कापड, हवं असेल तर अजरखपूरला जा. २००१ च्या भूकंपानंतर त्यांच्या जुन्या गावच्या, धमडक्याच्या पाण्याचा पोत बदलला, रंग नीट चढेनात, म्हणून कारागिरांनी उठून हे नवं गाव वसवलं. काळा रंग ते गंजलेलं लोखंड आणि गूळ आंबवून करतात, पिंपाजवळ उभं राहिलं की वास येतो. भुजोडीच्या शालीही सुंदर, पण तोवर आमची बॅग आणि पाकीट दोन्ही मिटलं होतं.

सल्ला: भाव करा, पण घंटेवर करू नका. एवढ्या कामाला ते मागतात ते पैसे काहीच नाहीत.

निशिकासाईची_निशा

तोक्योतून. जपानमध्ये ऑफिसातून कुणी सुट्टीवर गेलं की परत येताना सगळ्यांसाठी त्या गावचा खाऊ आणायचा हा जवळजवळ नियमच आहे, त्याला ओमियागे म्हणतात. दर स्टेशनावर त्यासाठी दुकानं, प्रत्येक गावाचा खाऊ वेगळा, एकेक नग स्वतंत्र गुंडाळलेला, खोक्यावर आत किती नग आहेत ते छापलेलं. टीममधली डोकी मोजा, खोकं उचला. चार नगांचा संच मात्र भेट म्हणून देऊ नका, चार हा आकडा तिथे अशुभ मानतात.

भारतातून जाताना मी काय नेते? काजूकतली नेली होती, पण "फार गोड" असं त्यांच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं (तोंडाने कोण बोलणार). दार्जिलिंगचा चहा लहान डब्यांत नेला तर हातोहात संपतो. आणि एकदा सोलापूरची शेंगाचटणी नेली होती, गंमत म्हणून. आमचे साहेब ती भातावर घालून खातात आणि दर वेळी आडून आडून विचारतात की मी भारतात कधी जाणार आहे.

बांदा_नाका

गोव्याला जाणाऱ्यांसाठी दोन ओळी. बेबिंका घ्या, चांगली टिकते, थोडी गरम करून खा. फेणीच्या किंवा कसल्याही बाटल्या गाडीत घालून परवान्याशिवाय महाराष्ट्रात आणणं हा गुन्हा आहे. "एक-दोन तर आहेत" हे वाक्य नाक्यावर रोज ऐकू येतं आणि त्याचा उपयोग होत नाही.

दशमी_बांधून

निघणाऱ्याला काय द्यायचं, यावर कुणी फारसं लिहिलं नाही म्हणून.

लांबच्या रेल्वे प्रवासाला मी दशम्या देते. दुधात भिजवलेल्या असल्या की दोन दिवस मऊ राहतात, सोबत लसणाची कोरडी चटणी. विमानाने जाणार असतील तर लोणचं हातातल्या बॅगेत घालू नका आणि सुक्या खोबऱ्याच्या वाट्या चेक-इनमध्ये टाकू नका, खोबऱ्यात तेल असतं, पेट घेऊ शकतं, म्हणून चालत नाही. पॉवर बँकेचं उलट. ती हातातच हवी आणि १०० वॅट-तासांच्या आतली हवी. भेट देणार असाल तर हा आकडा वाचून घ्या, स्वस्त पॉवर बँकांवर तो कधी कधी छापलेलाच नसतो आणि मग सुरक्षा तपासणीत काढून घेतात.

ट्रेकला जाणाऱ्या मुलांना डोक्याला लावायचा टॉर्च द्या. हातातल्या टॉर्चचा गडाच्या पायऱ्यांवर काही उपयोग नाही, तिथे हात कातळाला धरायला लागतात.

पण माझी सगळ्यात आवडती भेट परत येणाऱ्यांसाठी असते. शेजाऱ्यांची किल्ली आमच्याकडे असते. ते यायच्या संध्याकाळी त्यांच्या फ्रिजमध्ये दूध, विरजण आणि कुकरभर खिचडी ठेवून येते. त्यांनी माझ्यासाठी काय आणलं याची मग मला पर्वा नसते. (थोडी असते.)

चोळमंडल

तंजावरची मान हलवणारी बाहुली सगळ्यांनी पाहिली असेल. आमच्याकडे आजोबांच्या काळापासून आहे. डोकं, धड, घागरा असे सुटे भाग एकावर एक तोललेले, टिचकी मारली की सगळी डोलते. मुलीने विचारलं, "ही मराठी आहे का?" म्हटलं नाही गं. पण तंजावर बघायला गेलो तेव्हा तिचा प्रश्न अगदीच वेडा नव्हता असं वाटलं. शिवाजी महाराजांचे भाऊ व्यंकोजी यांचं राज्य तिथे, पुढे दुसऱ्या सरफोजींनी सरस्वती महाल ग्रंथालय नावारूपाला आणलं. बृहदीश्वराच्या भिंतीवर भोसले घराण्याचा इतिहास कोरलाय, १८०३ मधला, चक्क मराठीत. हजार वर्षांपूर्वीचं चोळांचं देऊळ, आजूबाजूला सगळं तमिळ, आणि मुलगी बोट ठेवून एकेक शब्द ओळखतेय.

बाहुली आणायची तर भाग वेगळे करून कागदात गुंडाळा.

पोस्टमनची_पोर

मी वस्तू आणतच नाही, पत्रं पाठवते. स्पितीत हिक्किमला १४,५०० फुटांवर टपाल कार्यालय आहे, १९८३ पासूनचं. काझाहून जाता येतं. थंडीत सगळं बर्फाखाली असतं म्हणून उन्हाळ्यातच जा. घरच्या प्रत्येकाला एकेक कार्ड लिहिलं. पेन गारठून चालेना, शेवटी पेन्सिलीने. कार्डं मी परतल्यावर कधीतरी हळूहळू पोचली. पुतण्याचं सर्वात शेवटी, तोवर त्याने माझ्याशी अबोला धरला होता. पत्ते घरूनच लिहून न्या, तिथे पिनकोड आठवत नाहीत.

नर्मदे_हर

आईला साठीनिमित्त महेश्वरी साडी द्यायची आहे. साडी आणून द्यावी की आईलाच महेश्वरला न्यावं? गुडघ्यांचा त्रास आहे, घाटाच्या पायऱ्या झेपतील का?

पायाला_भिंगरी

न्याच! इंदूरपासून गाडीने दोन-अडीच तास. अहिल्याबाईंनी विणकर आणून वसवले तेव्हापासून माग चालू आहेत, किल्ल्याच्या परिसरातच विणताना बघता येतं. काठावरची नक्षी किल्ल्याच्या आणि घाटाच्या दगडांवरून उचललेली आहे, आईंना आधी दगड दाखवा, मग साडी. काठ दोन्ही बाजूंनी सारखा दिसतो का ते उलटून बघायला सांगा, जुन्या बायका तसंच बघून घेतात. गुडघ्यांचं म्हणाल तर वरून किल्ल्यापर्यंत गाडी जाते. घाटावर उतरायला पायऱ्या आहेतच, त्या सकाळी उन्हाच्या आत, बसत बसत करा. साडीचं माप आणि ब्लाऊजपीस वेगळं लागतं का, ते घेतानाच विचारा.

नर्मदे_हर

ठरलं. आईला अजून सांगितलेलं नाही, तिला हा धागा कुणी पाठवू नका.