कारवीचं खरं शास्त्रीय नाव कोणतं धरायचं?

डोंगरवाट_अकोले:
नमस्कार मंडळी. मी अकोले तालुक्यात शाळेत शिकवते. मुलांसोबत हरिश्चंद्रगडाच्या परिसरातल्या झाडाझुडपांची नोंदवही करतेय. कारवीपाशी गाडी अडली. एका पुस्तकात कार्व्हिया कॅलोसा, दुसऱ्यात स्ट्रोबिलँथेस कॅलोसा. वायटी या तिच्यासारख्या झुडपाचंही तेच, कुठे थेलेपेपाले तर कुठे स्ट्रोबिलँथेस. डीएनए तपासून नावं बदलली असं ऐकलं. मग मुलं पानं मोजतात, खोडावरच्या गाठी बघतात, त्याला काही अर्थ उरला का?

रानमोडी:
सरळ 'कारवी' लिहा. आपल्या माणसांना कळल्याशी कारण.

शीटवाला:
रानमोडी, साताऱ्याजवळच्या कास पठारावर टोपली कारवी आहे, ती वेगळी जात. नुसतं कारवी लिहिलं की दोन्ही एकाच ओळीत जातील.

ताई, स्ट्रोबिलँथेस कॅलोसा लिहा. गंमत म्हणजे हेच नाव जुनं, नीस या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञानं 1832 मध्ये दिलेलं. कार्व्हिया आलं 1944 मध्ये. ब्रेमेकांप या डच वनस्पतिशास्त्रज्ञानं तेव्हा स्ट्रोबिलँथेसचे पन्नासेक तुकडे केले. परागकणांची नक्षी, बोंडं, बिया अशा लक्षणांवरून त्यानं नव्या प्रजाती (म्हणजे जवळच्या जातींचे गट, नावातला पहिला शब्द) पाडल्या. काम अफाट होतं, पण त्यातल्या कितीतरी प्रजातींत एखाददुसरीच जात उरली.

2004 च्या एका अभ्यासात डीएनएचे दोन तुकडे, पेशीकेंद्रकातला आयटीएस आणि हरितलवकातला ट्रनएल-एफ, आणि शारीरिक लक्षणं एकत्र मांडली. सगळा गट एकाच पूर्वजापासून आलेला निघाला, ब्रेमेकांपचे बरेच तुकडे मात्र टिकले नाहीत. म्हणून आता बहुतेक जण पुन्हा एकच मोठी प्रजाती मानतात.

आणि लक्षणं फुकट गेली असं मुळीच नाही! गळून पडलेलं कारवीचं फूल उभं चिरून मुलांना भिंगातून दाखवा. पाकळ्यांच्या नळीत आतून केसांच्या ओळी असतात, त्या कुक्षीवृंताला (स्त्रीकेसराच्या दांड्याला) जागेवर धरून ठेवतात. ही खूण या गटात सर्रास सापडते. म्हणजे डीएनएनं जो गट एकत्र ठेवला, त्याची खूण फुलातच होती. परागकणांची नक्षी तेवढी भरवशाची नव्हती. कोणतं लक्षण वारशानं आलंय आणि कोणतं वेगवेगळ्या फांद्यांवर स्वतंत्रपणे उगवलंय, हे डीएनएमुळे पारखता येतं. पण डीएनए काढायचा कशातून, तर कुणीतरी नीट ओळखून, दाबून, ठिकाण-तारीख लिहून ठेवलेल्या नमुन्यातून. तो नमुना चुकीचा असेल तर पुढचं सगळंच चुकलं.

डोंगरवाट_अकोले:
पण कारवी फुलणार आठ वर्षांतून एकदा! मधल्या वर्षांत मुलांनी काय बघायचं?

शीटवाला:
डीएनएचा खरा उपयोग तिथेच होतो. फूल नसताना पानाचा तुकडा सिलिका जेलमध्ये (ओल शोषणाऱ्या दाण्यांत) वाळवला तरी काम भागतं. मुलांसाठी खोडावरचे फोड, समोरासमोरची पानं, पानांच्या कडा आणि जुनी सुकलेली बोंडं पुरेत. फोटोत मोजपट्टी ठेवा, गावाचं नाव आणि उंची लिहा. फुलोऱ्याचं वर्ष तर लिहाच, कारण ते सगळीकडे एकच नसतं. मुंबईच्या नॅशनल पार्कात 2008 आणि 2016 ला फुलली होती, तुमच्याकडचं वर्ष वेगळं असू शकतं.

एक सांभाळा. कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य आहे. वनखात्याची परवानगी नसेल तर पानसुद्धा तोडू नका.

रानमोडी:
बोंडं कोणत्या महिन्यात फुटतात तेही मुलांना टिपायला लावा. आमच्याकडे कडक उन्हात रानात तडतड आवाज येतो.