हिप-हॉपमधल्या ‘क्लासिक’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न: अमेरिकी रॅपर नाझच्या ‘इल्मॅटिक’ या पहिल्या अल्बमवर मराठीत लिहितोय. ‘क्लासिक अल्बम’ला ‘अभिजात अल्बम’ म्हटलं तर चालेल का? आणि ज्यात एकही गाणं उगाच नाही, अशा अल्बमसाठी आपल्याकडे वेगळा शब्द आहे का?

प्रतिसाद: ‘अभिजात’ नको. त्याचा मूळ अर्थ चांगल्या कुळात जन्मलेला. २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाल्यापासून तो सगळ्यांच्या तोंडी आहे, पण तिथेही त्यात प्राचीनता आणि वाङ्मयपरंपरा गृहीत आहे. ‘इल्मॅटिक’ आला १९ एप्रिल १९९४ ला. नाझ तेव्हा २० वर्षांचा होता आणि न्यूयॉर्कमधल्या क्वीन्सब्रिज या सरकारी गृहवसाहतीत वाढलेला. मुखपृष्ठावर त्याच्या लहानपणीचा चेहरा आणि मागे तीच वसाहत. कुळाचा वास असलेला शब्द त्याला लावणं मला पटत नाही.

हिप-हॉपवाले ‘क्लासिक’ म्हणतात तेव्हा ते निवाडा देत असतात. निवाडा सबंध अल्बमवर असतो, एका गाजलेल्या गाण्यावर नाही, आणि खपाशी त्याचा फारसा संबंध नसतो. ‘द सोर्स’ हे हिप-हॉपचं मासिक अल्बमला तारे देत नसे, माइक देत असे. ‘इल्मॅटिक’ला पाचपैकी पाच माइक मिळाले, पण दहा लाख प्रतींचं प्लॅटिनम प्रमाणपत्र मिळायला २००१ उजाडलं. त्याच नाझचा १९९६ चा ‘इट वॉज रिटन’ कितीतरी जास्त खपला. तरी वादात आधी नाव निघतं ते ‘इल्मॅटिक’चंच.

माझी सूचना: बावनकशी. सोन्याचा कस दगडावर घासून पाहतात, आणि जे त्यात पुरं उतरतं, ज्यात भेसळ नाही, ते बावनकशी. अल्बममधली भेसळ म्हणजे भरतीची गाणी. ‘इल्मॅटिक’मध्ये सुरुवातीचा तुकडा धरून दहाच ट्रॅक आहेत, सगळे मिळून जेमतेम चाळीस मिनिटांचे. ‘एन. वाय. स्टेट ऑफ माइंड’ नीट ऐका. निर्माता डीजे प्रीमियरचा पियानोचा तुकडा फिरत असतो, नाझ माइकवर म्हणतो की सुरुवात कशी करू कळत नाही, आणि पुढच्याच क्षणी जो सुटतो तो थांबत नाही. ‘लाइफ्स अ बिच’च्या शेवटी त्याचे वडील ओलू डारा कॉर्नेट (ट्रम्पेटसारखं वाद्य) वाजवतात. बाहेरचा रॅपर अख्ख्या अल्बममध्ये एकच, एझी, तोही याच गाण्यात. काढून टाकावं असं मला तरी काही सापडत नाही.

दुसरा प्रतिसाद: ‘बावनकशी’ आवडला, पण तो फक्त शुद्धतेचं सांगतो, परिणामाचं नाही. रॅपर-निर्माता डॉ. ड्रेचा १९९२ चा ‘द क्रॉनिक’ अल्बम घ्या. गाण्यांमधले संवादांचे तुकडे आज मी सरळ पुढे ढकलतो, म्हणजे तो बावनकशी नाही. पण वेस्ट कोस्टच्या, म्हणजे अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या हिप-हॉपचा आवाज त्याने बदलला. त्याला ‘मैलाचा दगड’ किंवा ‘युगप्रवर्तक’ म्हणावं लागेल. आणि गायिका-रॅपर लॉरिन हिलचं काय? १९९८ चा ‘द मिसएज्युकेशन ऑफ लॉरिन हिल’ हा तिचा एकटीचा एकमेव स्टुडिओ अल्बम. १९९९ मध्ये त्याला अल्बम ऑफ द इयरचं ग्रॅमी मिळालं. अल्बम बावनकशी आहेच, पण कारकीर्दही बावनकशी म्हणायची का?

पहिल्या प्रतिसादकाचं उत्तर: नाही, आणि हा फरक तुम्ही दाखवलात ते बरं झालं. अल्बमचा ‘कस’ पाहावा आणि कारकिर्दीचा ‘पल्ला’. हिल कसात कुणालाही ऐकणार नाही, पण पल्ला आखूड. ‘द क्रॉनिक’ला युगप्रवर्तक म्हणणं मला पूर्ण मान्य. लोक कस आणि पल्ला एकाच तागडीत टाकतात, म्हणून ‘मोठा कोण’ हा वाद वर्षानुवर्षं जागचा हलत नाही.

रॅपर जे-झीने २००१ मध्ये ‘टेकओव्हर’ या गाण्यातून नाझवर हल्ला चढवला तो नेमका इथेच: दहा वर्षांत सरासरी एकच दमदार अल्बम. मारा पल्ल्यावर होता, कसावर नव्हता. त्याच गाण्यात ‘इल्मॅटिक’ला त्याने वेगळं काढलंय, हे विसरू नये. प्रतिस्पर्ध्यानेच दिलेला हा कौल मला पाच माइकांहून मोलाचा वाटतो. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ‘स्टिलमॅटिक’ या अल्बमवर नाझचं उत्तर आलं, ‘ईथर’. त्या गाण्याच्या नावाचं पुढे क्रियापदच झालं. एखाद्याला ‘ईथर केलं’ म्हणजे आपल्या भाषेत धुऊन काढलं.

पल्ल्याची भरपाई नाझने फार उशिरा केली. २०२० ते २०२३ मध्ये हिट-बॉय या निर्मात्याबरोबर सहा अल्बम केले. त्यातल्या पहिल्या, ‘किंग्ज डिसीज’ला २०२१ मध्ये ग्रॅमी मिळालं, आणि ते त्याच्या आयुष्यातलं पहिलंच! ‘इल्मॅटिक’नंतर जवळपास २७ वर्षांनी.

तेव्हा लेखात असं लिहा: ‘इल्मॅटिक हा बावनकशी अल्बम, नाझच्या कारकिर्दीचा पल्ला मात्र चढउतारांचा.’ ‘इट वॉज रिटन’ही माझ्या मते बावनकशीच्या अगदी जवळ जातो आणि समीक्षकांनी त्याच्यावर अन्याय केला. पण १९९९ च्या ‘नास्ट्राडेमस’ला हा शब्द लावायला मी तयार नाही. त्यात भरतीची गाणी फार आहेत.