अनुदानाची यादी गावच्या ग्रुपवर फिरली, आधार नंबरासकट

मांजराकाठ
अतिवृष्टी अनुदानाची पीडीएफ यादी गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पडली आहे. नाव, गट नंबर, बाधित क्षेत्र, रक्कम, व्हीके नंबर (यादीतला विशिष्ट क्रमांक) इथपर्यंत ठीक. पण पुढच्या दोन रकान्यांत पूर्ण आधार नंबर आणि बँक खातं. ग्रुपात साडेचारशे लोक, त्यातले निम्मे पुण्या-मुंबईला. वरून लोक स्वतःच पासबुकाचे आणि आधारचे फोटो टाकतायत, "माझं आलंय का बघा" म्हणून. आता काय करावं? यादी टाकूच नये म्हणावं, तर लोकांना कळणार कसं? अ‍ॅडमिनवर काही येतं का? काही जण म्हणतात, व्हॉट्सअ‍ॅप एनक्रिप्टेड असतंय, भ्यायचं काम नाही.

गोदाकाठ
एनक्रिप्शन वाटेतली चोरी थांबवतं, घरात आलेल्या पाहुण्याची नाही. साडेचारशे फोन म्हणजे साडेचारशे टोकं, आणि प्रत्येक टोकाला मजकूर उघडाच. त्यात चॅटचा बॅकअप गुगल ड्राइव्हवर जातो, त्याला एनक्रिप्शन आपण वेगळं चालू केल्याशिवाय लागत नाही (सेटिंग्ज, चॅट्स, चॅट बॅकअप. तिथला पासवर्ड विसरलात तर बॅकअप गेला, कंपनीही काढून देऊ शकत नाही).

आधी यादी पुसा. पाठवणाऱ्याला 'सगळ्यांसाठी डिलीट' साधारण २ दिवस मिळतं, अ‍ॅडमिनला दुसऱ्याचा मेसेजही काढता येतो. पुढं पाठवलेल्या प्रती मात्र परत येत नसतात. म्हणून नंबर बाहेर गेला असं धरून चालायचं आणि त्याचा उपयोग होऊ द्यायचा नाही.

नुसत्या आधार नंबरावर पैसे निघत नाहीत. आधारवरून पैसे काढायच्या मशीनला नंबर, बँकेचं नाव आणि अंगठा लागतो. पण जुन्या दस्तांवरचे अंगठे उचलून सिलिकॉनचे ठसे बनवल्याची प्रकरणं वेगवेगळ्या राज्यांत झालेली आहेत. त्यामुळं बायोमेट्रिक लॉक करा: माय-आधार संकेतस्थळ किंवा एम-आधार अ‍ॅप, आधार नंबर, ओटीपी, मग 'लॉक बायोमेट्रिक्स'. लॉक असताना कुणी अंगठा लावला तर मशीनवर ३३० नंबरची चूक दिसते. रेशन दुकानात किंवा ई-केवायसीला जायच्या आधी तात्पुरतं उघडायचं, नाहीतर तुमचाच अंगठा लागणार नाही आणि दुकानदाराशी भांडण व्हायचं.

तिथंच 'ऑथेंटिकेशन हिस्ट्री' (आधार कधी वापरलं गेलं त्याची यादी) बघा. मागच्या ६ महिन्यांतल्या जास्तीत जास्त ५० नोंदी दिसतात. आपण गेलोच नाही त्या दिवशीचा अंगठा दिसला की समजायचं.

बालाघाटी
यादीतल्या सगळ्यांनी खाती बंद करून दुसऱ्या बँकेत उघडावीत. किटकिट नको.

गोदाकाठ
@बालाघाटी, तसं अजिबात करू नका. अनुदान आधारशी जोडलेल्या खात्यात येतं. ऐन वाटपाच्या वेळी खातं बंद केलं तर रक्कम अडकेल आणि तहसीलच्या चकरा मागं लागतील. नुसत्या खाते नंबरावर पैसे भरता येतात, काढता येत नाहीत.

खरा धोका फोनचा आहे. भामट्याकडं आता तुमचं नाव, गाव, गट नंबर आणि अचूक रक्कम आहे. "तुमचे अमुक इतके रुपये अडकलेत, ही फाइल उघडा" असं तो म्हणाला तर कुणालाही खरंच वाटणार. फाइलीच्या नावाच्या शेवटी '.एपीके' असेल तर ती यादी नसून अ‍ॅप असतं. ते एसएमएस वाचायची परवानगी मागतं आणि ओटीपी परस्पर पळवतं. कुणी चुकून उघडलीच तर आधी नेट बंद, मग दुसऱ्या फोनवरून बँकेला आणि १९३० ला (सायबर फसवणुकीची हेल्पलाइन) फोन.

मोंढा_नाका
यादी लावायची की नाही, यावर. अनुदान कुणाला आणि किती, हे गुपित नाही. माहिती अधिकार कायदा २००५ च्या कलम ४ प्रमाणं अनुदान योजनेची रक्कम आणि लाभार्थ्यांचा तपशील सरकारनं आपणहून जाहीर करायचा आहे. बोगस नावं पकडायची तर यादी चावडीवर लागलीच पाहिजे. सातबारा तर कुणीही ऑनलाइन बघतो, तो लपवण्यात काही अर्थ नाही. उलट आधार कायदा २०१६ चं कलम २९(४) आधार नंबर जाहीरपणे लावायला मनाई करतं. म्हणजे नाव, गट, क्षेत्र, रक्कम, व्हीके नंबर ठेवा, बाकीचे रकाने काढा.

आणि काढा म्हणजे खरंच काढा. इथंच बहुतेक चुकतात. पीडीएफवर काळी पट्टी ओढली तरी खालचा मजकूर कॉपी होऊ शकतो. एक्सेलमध्ये रकाना 'हाइड' केला तर दोन क्लिकमध्ये परत दिसतो. रकाना डिलीट करून नवी पीडीएफ बनवा. गॅलरीतल्या मार्करनं फोटोवर गिरवलं तर उजेड वाढवल्यावर आकडे वाचता येतात. पूर्ण अपारदर्शक चौकोन ठेवून त्याचा स्क्रीनशॉट पाठवा. आधारवरचा क्यूआर कोडही झाका. जुन्या कार्डांच्या कोडमध्ये अख्खा नंबर असतो, नुसते वरचे आकडे झाकून भागत नाही. प्रत द्यायचीच असेल तर 'मास्क्ड आधार' डाउनलोड करा, त्यात शेवटचे ४ आकडेच दिसतात.

अ‍ॅडमिनचं: दुसऱ्यानं टाकलेल्या पोस्टसाठी अ‍ॅडमिन आपोआप दोषी ठरत नाही, त्याचा समान हेतू किंवा पूर्वनियोजन दाखवावं लागतं, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं २०२१ मध्ये म्हटलंय. पण यादी अ‍ॅडमिननंच टाकली असेल तर ही ढाल नाही. ग्रुपची लिंक फ्लेक्सवर किंवा फेसबुकवर दिलेली असेल तर आजच 'रीसेट लिंक' करा, कोण शिरलंय ते कळत नसतं.

मांजराकाठ
यादी काढली, लिंक बदलली. एक राहिलं: बऱ्याच म्हाताऱ्या माणसांच्या आधारला मोबाइल जोडलेलाच नाही. ओटीपी येणार कुठं?

गोदाकाठ
मग लॉक होणार नाही. आधी आधार केंद्रावर जाऊन नंबर जोडावा लागेल, आणि तो घरातल्याच माणसाचा असू द्या, ई-केवायसी करून देणाऱ्या पोराचा नको. तोवर बँकेत लेखी अर्ज द्या की या खात्यावर अंगठ्यानं पैसे काढणं बंद ठेवा. बऱ्याच बँका करून देतात. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घ्या. पैसे गेलेच तर ३ कामकाजाच्या दिवसांत बँकेला कळवा. चूक ग्राहकाची किंवा बँकेची नसून तिसऱ्याचीच असेल, तर रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकाप्रमाणं तेवढ्या मुदतीत कळवणाऱ्यावर नुकसान पडत नाही.