अनुभव धागा: पैसे देणारे ऑनलाइन सर्व्हे, कुठं थांबायचं आणि काय तपासायचं

तेरणाकाठ (धागाकर्ती)
सोयाबीनची पट्टी हातात पडायला लागली की 'घरबसल्या सर्व्हे भरा, रोज दोन हजार कमवा' हे मेसेज बचत गटांच्या आणि क्लासच्या ग्रुपांवर फिरायला लागतात. इथं बऱ्याच जणांना या कामाची आतून माहिती आहे, म्हणून हा धागा. 'माझं कसं बुडालं' हे नको. काय बघायचं, कुठं अडकतं, कामून अडकतं, तेवढं लिहा.

सुरुवात मी करते. खरे सर्व्हे असतात. साबणाची कंपनी संशोधन संस्थेला काम देते, संस्था पॅनलकडून, म्हणजे सर्व्हे भरणाऱ्यांची नोंदणी ठेवणाऱ्या वेबसाइट किंवा ॲपकडून, माणसं घेते, पॅनल आपल्याला पॉइंट देतं. पैसा वरून खाली येतो आणि वाटेत प्रत्येक जण आपला वाटा काढतो. म्हणून पंधरा-वीस मिनिटांच्या प्रश्नावलीला चहा-भज्यापुरते पैसे सुटतात. मोंढ्यात हमाली-तोलाई पट्टीतून कापतात, माल आणायच्या आधी घरी येऊन कुणी मागत नाही. पॅनलचंही तसंच. नोंदणी फी, ट्रेनिंग किट, प्रीमियम मेंबरशिप असं काहीही आधी मागितलं की उठायचं.

जुनी वही
ताई, हे नवं नाही. २०१०-११ मधली स्पीक एशिया ही सर्व्हेवाली कंपनी आठवा. ११,००० रुपये भरायचे, आठवड्याला दोन सर्व्हे, प्रत्येकी ५००. वर्षाचे झाले ५२,०००. एवढे पैसे कोणता साबणवाला देणार? नवा सभासद आणा म्हणून आग्रह होता, त्यातच उत्तर होतं: जुन्यांना नव्यांच्याच पैशातून. २०११ मध्ये मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेत प्रकरण गेलं. तेव्हा रक्कम एकदाच भरायची होती, आता तीच टेलिग्रामवर हप्त्या-हप्त्यानं काढतात.

गोदाकाठ
तो हप्त्यांचा क्रम असा असतो. परदेशी नंबरवरून व्हॉट्सॲप येतं. तीन सोपी कामं: हॉटेलला रेटिंग द्या, व्हिडिओ लाइक करा, चार प्रश्नांचा फॉर्म भरा. दीडशे रुपये खरोखर खात्यात येतात. माणूस इथंच विश्वास ठेवतो, पण ते दीडशे म्हणजे गळाला लावलेलं गांडूळ. मग टेलिग्राम ग्रुप. तिथले 'सदस्य' कमाईचे स्क्रीनशॉट टाकत राहतात, त्यातले बहुतेक त्या टोळीचेच.

पुढं 'प्रीपेड टास्क': हजार भरा, तेराशे घ्या. हेही एकदा परत देतात. त्यानंतर तीन-चार कामांचा 'संच' येतो आणि तो अर्धवट सोडता येत नाही. त्यांच्या वेबसाइटवर तुमची शिल्लक वाढताना दिसते, पण तो नुसता आकडा आहे, कोणीही टाइप केलेला. काढायला गेलात की 'क्रेडिट स्कोअर ८० आहे, १०० करायला एवढे भरा', नाहीतर 'आधी ३० टक्के टॅक्स भरा'. खरा क्रेडिट स्कोअर म्हणजे कर्जासाठी बँका बघतात तो सिबिल, तो ३०० ते ९०० मध्ये असतो आणि पैसे भरून वाढत नाही. पैसे देणाऱ्यानं कर कापायचा असेल तर तो रकमेतूनच कापतो, स्वतंत्र यूपीआयवर मागत नाही. दर वेळी पैसे वेगळ्याच माणसाच्या नावाच्या खात्यावर मागवतात, ही सगळ्यात पक्की खूण.

हुरडा
त्या दीडशे रुपयांबद्दल एक लई महत्त्वाचं राहिलं. ते येतात कुठून? बऱ्याचदा फसलेल्या दुसऱ्या माणसाच्या पैशातून. त्यानं तक्रार केली की पोलीस पैशाची वाट शोधत तुमच्या खात्यापर्यंत पोचतात. बँक तेवढ्या रकमेवर लीन लावते, म्हणजे ती रक्कम अडकवून ठेवते, कधी सगळं खातंच गोठवते. तक्रार परराज्यातली असेल तर तिथल्या पोलीस ठाण्याशी पत्रव्यवहार आला. पीक विमा, अनुदान, शिष्यवृत्ती ज्या खात्यात येते ते खातं अशा कामाला कधीच देऊ नका. सर्व्हेसाठी वेगळं, कमी शिल्लक असलेलं खातं ठेवा.

लातूर, संभाजीनगरच्या होस्टेलांवर 'खातं वापरायला दे, महिन्याला पाच हजार घे' असं विचारत फिरतात. एटीएम कार्ड आणि सिम दिलं की पुढच्या प्रत्येक व्यवहाराला नाव तुमचंच लागतं.

दौलताबादी
पॅनल तपासायची माझी पद्धत. वेबसाइटचं नाव 'हूइज' (whois, वेबसाइटच्या नावांची नोंद दाखवणारी सेवा) मध्ये टाकून नोंदणीची तारीख बघायची. 'दहा वर्षांपासून सेवेत' लिहिलंय आणि डोमेन (वेबसाइटचं नाव) तीन आठवड्यांचं, मग विषय संपला. प्ले स्टोअरवर एक-दोन तारेवाले रिव्ह्यू 'सर्वात नवीन' लावून वाचा; पाच तारे विकत मिळतात. पैसे काढायची किमान मर्यादा नोंदणीआधीच बघा आणि तिथं पोचल्यावर लगेच काढा, साठवू नका.

वय, पिनकोड, शिक्षण, घरचं उत्पन्न एवढं पॅनल विचारणारच. आधारचा फोटो, ओटीपी, एटीएम पिन नाही. पेपाल या ऑनलाइन पेमेंट सेवेवर पैसे घ्यायचे तर पॅन लागतं, पण ते पेपालला द्यायचं, पॅनलला नाही. ईमेल आणि पासवर्ड वेगळा ठेवा.

उलट बाजूही सांगतो. 'पॅनलनं खातं बंद केलं' ही प्रत्येक ओरड खरी नसते. घरातल्या चौघांची खाती एकाच फोनवर, ठिकाण लपवणारं व्हीपीएन चालू, सगळीकडं एकच पर्याय दाबत जाणं, 'इथं तिसरा पर्याय निवडा' हा सापळा-प्रश्न न वाचता उडवणं, याला खरं पॅनलही बाहेर काढतं.

बिनकामाचा
गूगल ओपिनियन रिवॉर्ड्स खरं आहे, पण आपल्याकडं प्ले स्टोअरचं क्रेडिट मिळतं, रोख नाही, आणि तेही वर्षभरात वापरावं लागतं. न गेलेल्या दुकानाला 'गेलो होतो' म्हटलं की सर्व्हे यायचे कमी होतात. एवढंच.

खुलताबाद रोड
फॉर्म भरण्याच्या कामाचा भाऊबंद प्रकार: पाच दिवसांत ५०० फॉर्म, ९० टक्के अचूक, 'ॲग्रीमेंट'वर ऑनलाइन सही. अचूकता तेच मोजतात, म्हणून तुम्ही नापासच. मग वकिलाच्या नावानं व्हॉट्सॲपवर नोटीस, कोर्टाचा शिक्का, पाच-सहा हजार भरा नाहीतर अटक. भरू नका. दिवाणी दाव्यात असं रातोरात कोणी उचलून नेत नाही. फसवून संमती घेतलेला करार १८७२ च्या करार कायद्याप्रमाणं रद्द करता येतो.

तेरणाकाठ
दादा, ॲपची फाइल पाठवतात त्याचं काय?

गोदाकाठ
एपीके फाइल व्हॉट्सॲपवरून आली तर उघडूच नका, ताई. ती एसएमएसची परवानगी मागते आणि ओटीपी परस्पर पुढं धाडते. टाकली गेलीच असेल तर आधी एअरप्लेन मोड, मग दुसऱ्या फोनवरून बँकेला सांगून यूपीआय आणि कार्ड बंद. ॲप निघत नसेल तर फोन सेफ मोडमध्ये (बाहेरची ॲप बंद ठेवून) चालू करून काढा. नंतर *#२१# लावून कॉल फॉरवर्डिंग बघा, ##००२# नं ते रद्द होतं.

नांदेडकर
पैसे गेलेच तर पहिला फोन १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला. जवळ ठेवायचं: बारा अंकी यूपीआय संदर्भ क्रमांक, रक्कम, वेळ, समोरचा यूपीआय आयडी, आपली बँक. मग सायबरक्राईम डॉट गव्ह डॉट इन वर तक्रार, आणि पोचक्रमांक बँकेला लेखी. 'तीन दिवसांत सांगितलं की बँक भरून देते' असं म्हणतात, पण २०१७ चा रिझर्व्ह बँकेचा तो नियम तुमच्या परवानगीशिवाय झालेल्या व्यवहारांचा आहे. इथं पिन आपणच टाकलेला असतो. म्हणून रक्कम पुढं सरकायच्या आत ती अडवणं, एवढाच जोर लावता येतो.

तक्रारीआधी स्क्रीनशॉट घ्या. टेलिग्रामवर समोरचा दोन्ही बाजूंचं चॅट पुसू शकतो. ठाण्यात 'हद्द आमची नाही' म्हणाले तर शून्य क्रमांकानं गुन्हा (झीरो एफआयआर, हद्द न बघता नोंदवायचा) नोंदवायला सांगा. १ जुलै २०२४ पासूनच्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये ती तरतूद आहे. आणि चार दिवसांनी 'तुमचे पैसे परत मिळवून देतो, फक्त प्रोसेसिंग फी' असा फोन येईल. तोही फसवाच, फसलेल्यांची यादी त्या ठगांकडंच असते.