'मॅपिंग रूल'ला मराठीत काय म्हणावं? आणि त्यातल्या सब्जेक्ट, प्रेडिकेटला?

पिंपळपार:
नमस्कार मंडळी, एकदोन नाही चारपाच शब्द हवेत म्हणून जरा सविस्तर लिहिते. आमच्या वाचनालयाचं दाखल रजिस्टर दोन वर्षं खपून आम्ही एक्सेलमध्ये चढवलं, आता त्याचा लिंक्ड डेटा करायचाय. म्हणजे प्रत्येक पुस्तकाला, प्रत्येक लेखकाला वेबवर स्वतःचा कायमचा पत्ता द्यायचा आणि त्यांच्यातली नाती यंत्रालाही वाचता येतील अशी लिहून ठेवायची. त्यासाठी मेटी नावाचा एडिटर घेतलाय, बेल्जियममधल्या गेंट विद्यापीठातल्या मंडळींनी केलेला, ब्राउझरमध्ये उघडतो. एका चौकटीत आपला डेटा, शेजारी मॅपिंगचे नियम, म्हणजे कुठल्या रकान्याचं तिकडे काय करायचं ते, बटण दाबलं की पलीकडे तयार आरडीएफ, म्हणजे लिंक्ड डेटा लिहायची ठरलेली पद्धत. नियम यार्मल नावाच्या पद्धतीने लिहायचे, ती साध्या ओळी आणि आत सरकवलेल्या ओळी अशी असते, त्यामुळे प्रोग्रामिंग न येणाऱ्यालाही जमते.

अडचण अशी की वाचनालयातल्या दोघी ताई हे काम पुढे चालवणार आहेत आणि त्यांच्यासाठी मी मराठीत चार पानांची पुस्तिका लिहितेय. पहिल्याच पानावर अडकले. मॅपिंगला 'नकाशा' लिहिलं तर एक ताई म्हणाल्या, कुठल्या गावचा? आरडीएफमधलं प्रत्येक विधान तीन भागांचं असतं, सब्जेक्ट (कशाबद्दल), प्रेडिकेट (काय नातं) आणि ऑब्जेक्ट (कशाशी). त्यातल्या सब्जेक्टला 'विषय' लिहिलं तर दुसऱ्या ताईंनी सरळ एक्सेलमधला विषयाचा रकाना उघडला, कथा, कादंबरी, चरित्र. चूक त्यांची अजिबात नाही, वाचनालयात विषय म्हणजे तेच!

चिंचोके:
मॅपिंगसाठी शब्द आपण सगळे शाळेत शिकलोय की. त्रिकोणांची एकरूपता आठवा, 'एकास एक संगती'! या त्रिकोणाचा हा शिरोबिंदू त्या त्रिकोणाच्या त्या शिरोबिंदूशी. तुमचंही तेच चाललंय ना, एक्सेलचा 'लेखक' रकाना तिकडच्या स्कीमा-डॉट-ऑर्ग या वेबवरच्या सामायिक शब्दसंग्रहातल्या 'ऑथर'शी. मग मॅपिंग म्हणजे संगती आणि मॅपिंग रूल म्हणजे संगतीचा नियम.

गोदाकाठ:
संगती छानच. नुसतं 'संगत' मात्र लिहू नका, ती तबल्याची होते. हिंदी पुस्तकातून आलेलं 'प्रतिचित्रण' कुणी सुचवेल, ते टाळा, चित्राचा इथे काही संबंध नाही.

थोडी मागची गोष्ट पुस्तिकेत घातलीत तर बरं. वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने २०१२ मध्ये आरटूआरएमएल हे असे नियम लिहायचं मानक काढलं, ते फक्त रिलेशनल डेटाबेससाठी, म्हणजे एकमेकांना जोडलेल्या तक्त्यांत ठेवलेल्या डेटासाठी होतं. मग गेंटच्या लोकांनी आरएमएल करून त्यात सीएसव्ही, जेसन, एक्सएमएल अशा डेटाच्या फाइलींचे इतर प्रकारही आणले. पण आरएमएल स्वतःच आरडीएफमध्ये लिहायचं असतं, माणसाने हाताने लिहायला ते फार किचकट, म्हणून २०१८ मध्ये यार्मल आलं. मेटी आतल्या आत यार्मलचं आरएमएल करून देतो. ही पायरी ताईंना दाखवाच, नाहीतर दोन बटणं कशाला ते कळत नाही.

उंबरठा:
सब्जेक्ट-प्रेडिकेटसाठी उद्देश्य-विधेय घ्या ना. वाक्यपृथक्करणात आहेतच, तिसऱ्या ऑब्जेक्टला कर्म म्हणा.

पिंपळपार:
मीही तेच लिहिलं होतं उंबरठा, खरंच. पण ताई 'उद्देश्य'चा 'उद्देश' वाचतात, आणि विधेय म्हटलं की त्या क्रियापद शोधायला लागतात, कारण शाळेत तसंच शिकवलंय, 'रामा आंबा खातो' मध्ये 'खातो' हे विधेय. आणि आमच्या नियमात क्रियापदच नाही हो! ही एक नोंद बघा. एस (सब्जेक्ट) समोर पुस्तकाचा वेबपत्ता, त्याच्या शेवटी डॉलरचं चिन्ह आणि कंसात 'दाखल क्रमांक', म्हणजे प्रत्येक ओळीचा क्रमांक तिथे आपोआप बसतो. खाली पीओ (प्रेडिकेट-ऑब्जेक्ट), त्यात एक जोडी, स्कीमाचा ऑथर आणि परत डॉलर, कंसात 'लेखक'. ऑथर हे नाम आहे, त्याला क्रियापद कसं म्हणू?

चिंचोके:
अरे मग मोठ्याने वाचा ना ती जोडी, समजा दाखल क्रमांक ४१२ची! '४१२चा लेखक अमुक', '४१२चं शीर्षक तमुक', '४१२ची आवृत्ती तिसरी'. चा-ची-चं. ही षष्ठी आहे, सरळ षष्ठी! आणि आपल्या व्याकरणात षष्ठीचा क्रियापदाशी थेट संबंध नसतो, ती दोन नामांतला संबंध दाखवते. म्हणजे तुमचं प्रेडिकेट हे विधेय नाहीच, तो 'संबंध' आहे.

पिंपळपार:
चिंचोके, वाचून अंगावर काटा आला. दुपारी वाचनालयात जाऊन दोघींना हेच वाचून दाखवलं, चा-ची-चं लावून. दहा मिनिटांत मोठ्या ताईंनी स्वतः ओळ लिहिली, प्रकाशकाची. वर मला विचारतात, मग लेखकाचं जन्मगाव लिहायचं तर '४१२च्या लेखकाचं जन्मगाव' असं दोनदा षष्ठी लागेल का? लागेल ना, पण त्यासाठी लेखकाला स्वतःचा पत्ता आणि स्वतःचे नियम हवेत, म्हणजे दुसरी संगती. लिंक्ड डेटातलं 'लिंक्ड' त्यांना तिथेच कळलं, मला वेगळं समजवावं लागलं नाही.

तर पुस्तिकेत आता नोंद, संबंध आणि मूल्य असं तिघांचं नाव घालतेय. नोंद हा शब्द रजिस्टरमधलाच आहे, त्यामुळे कुणी अडखळत नाही.

गोदाकाठ:
मूल्य चालेल, पण किमतीचा रकाना असेल तर सांभाळा.

मराठी शीर्षकांना भाषेची खूणही लावा हं, जोडीत तिसरं 'एमआर' (मराठीची खूण) आणि त्याला तरंगरेषा लावून 'लँग'. नाहीतर हिंदी आणि मराठी पुस्तकं दोन्ही देवनागरीत असल्याने पुढे यंत्राला फरक कळायला मार्ग नाही. हे लोक हमखास विसरतात.

उंबरठा:
बरं, 'सेटअप'ला काय लिहिलंत? त्यावरही वाद होईल 😀

पिंपळपार:
सेटअपला एकच शब्द नाही घेतला, कामागणिक वेगळा. मोटर 'बसवतात', दुकान 'मांडतात', गाडीवर माल 'चढवतात', तसंच. कॉम्प्युटरवर नोड (मेटी चालायला लागणारा प्रोग्राम) बसवायचं, मेटीचा कोड उतरवून घ्यायचा, त्याला लागणारी पॅकेजेस नोडसोबत येणाऱ्या एनपीएमने बसवायची, मग पान मांडायचं. आणि एक गोष्ट मी ठळक अक्षरात लिहिलीय: आरडीएफ तयार करायचं काम ब्राउझर स्वतः करत नाही, तो डेटा आरएमएलमॅपर (नियम वापरून आरडीएफ बनवणारा प्रोग्राम) चालणाऱ्या सर्व्हरकडे पाठवतो. पुस्तकांची यादी बाहेर गेली तर हरकत नाही, पण सभासदांची नावं, पत्ते, फोन असलेली फाईल परक्या सर्व्हरवर कदापि टाकायची नाही. आम्ही मॅपर आपल्याच मशीनवर उभा केला आणि मेटीला त्याचा पत्ता दिला. मी सुरुवातीला हे न बघता सभासदांची फाईल चौकटीत टाकली होती, बटण दाबायच्या आधी लक्षात आलं, तरी रात्री झोप लागली नाही.

चिंचोके:
आणि एडिटरला संपादक?

पिंपळपार:
नाही, संपादक म्हणजे माणूस. एडिटरच ठेवला, ब्राउझरही ब्राउझरच, ताईंच्या तोंडी तेच आहे. डेटाला 'विदा' मला स्वतःला आवडतो पण आमच्याकडे टीव्हीवरच्या हिंदी मालिका इतक्या बघतात की विदा म्हटलं की नवरी निघाली सासरी.

एकच राहिलाय, प्रीफिक्स. उपसर्ग लिहावंसं वाटत नाही, आमच्याकडे उपसर्ग म्हणजे त्रास.

गोदाकाठ:
उपसर्ग नकोच. तिथे होतं काय, लांबलचक वेबपत्त्याऐवजी छोटं अक्षर लिहायचं आणि ते कशासाठी ते वर एकदाच सांगून ठेवायचं. लग्नपत्रिकेवर 'चि. सौ. कां.' लिहितो तसं. संक्षेप म्हणा.

पिंपळपार:
संक्षेप! घेतला. चि. सौ. कां.चं उदाहरणही तुमचंच घालते. उद्या झेरॉक्सला देते.